एक एकर जागा, घरची पाच माणसं आणि जनावरं : सुरुवात नेमकी कशापासून करायची?

शेतावरचं_घर

नमस्कार सगळ्यांना, बरेच महिने इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही घरात पाच जण, मी, नवरा, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा आणि सासूबाई. मागच्या वर्षी एक एकर जागा घेतली, त्यावर छोटं घर बांधलं आणि आता महिना झाला इथंच राहायला आलोय. बोअरला पाणी आहे, वर्षभर पुरतं असं आधीच्या मालकांनी सांगितलंय, पण आम्ही स्वतः अजून एकही उन्हाळा इथं काढलेला नाही.

तर आमचा प्लॅन असा आहे की एक दुभती गाय, पाच शेळ्या आणि वीस कोंबड्या, सगळं येत्या दोन महिन्यांत आणायचं कारण नवऱ्याला तेवढे दिवस सुट्टी मिळतेय, नंतर तो आठवड्यातले तीन दिवस सकाळी 7 ला जाऊन रात्री 8 ला येणार. म्हणजे रोजचं बघणार मी आणि सासूबाई. सासूबाईंचं लहानपण गोठ्यातच गेलंय, धार काढता येते, जनावराची पारख आहे, पण आता गुडघे साथ देत नाहीत, खाली बसता येत नाही. मी आयुष्यात कोंबडी हातात धरलेली नाही. शिकायची खूप इच्छा आहे आणि हे मनापासून करायचंय, दोन वर्षांत कंटाळून विकून टाकणाऱ्यातले आम्ही नाही.

मला विचारायचंय की तिन्ही एकदम आणणं कितपत शहाणपणाचं आहे, नसेल तर पहिलं कोण? जनावर येण्याआधी काय काय तयार पाहिजे? रोज खरोखर किती वेळ जातो? आणि एक गोष्ट जी नवऱ्याशीसुद्धा नीट बोलले नाहीये ती म्हणजे मुलं जीव लावणार, मग बोकड विकायचा किंवा कापायचा प्रसंग आला की काय करायचं, तुम्ही काय केलंत ते प्लीज सांगा.

---

दावणीवाला

ताई, स्वागत. माझी बावीस वर्षं गाई-म्हशींत गेली त्यामुळे गायीपुरतंच बोलतो. स्पष्ट सांगतो, गाय पहिली आणू नका.

तुम्ही दुधापासून विचार करताय, मी वैरणीपासून सांगतो मग तुम्हालाच कळेल. 400 किलोच्या गायीला दिवसाला 10 ते 12 किलो कोरडा आहार लागतो, कोरडा म्हणजे त्यातलं पाणी वजा करून. हिरव्या वैरणीत 80 टक्के पाणीच असतं, म्हणजे 25 किलो हिरवं घातलं तरी त्यातून 5 किलोच पोटात गेलं, उरलेलं कडब्यातनं, भुश्यातनं आणि पेंडीतनं भागवायचं. रोज 25 किलो म्हणजे वर्षाला 9 टन हिरवी वैरण झाली, एका गायीची. ती कुठून येणार? आज नेपिअर गवताची कांडी लावली आणि पाणी-खत वेळेवर दिलं तरी पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, मग दर दीड-दोन महिन्यांनी. वाळकी वैरण वर्षाची दोन टन धरा, ती ठेवायला पाऊस न लागणारी, जमिनीपासून उचललेली जागा लागते, बुरशी धरलेली वैरण जनावराला घालायची नाही, गाभण असेल तर अजिबातच नाही. आणि पाणी, दुभत्या गायीला दिवसाला 60-80 लिटर, उन्हाळ्यात त्याच्याही वर. तुम्ही म्हणताय बोअरनं अजून उन्हाळा पाहिलेला नाही. मग आधी उन्हाळा काढा आणि गाय त्यानंतर.

दुसरी गोष्ट जी नवीन माणसांना कुणी सांगत नाही. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही आणि ती कायम दूध देत नाही. साधारण 280 दिवस गाभण राहते, वेताच्या आधी दोन महिने तिला आटवावं लागतं, म्हणजे कास विश्रांती घेते, नाहीतर पुढच्या वेताला दूध कमी पडतं आणि चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, तोही हलका येतो. म्हणजे दरवर्षी दोन महिने घरात दूध नाही पण वैरण तेवढीच. आणि दरवर्षी एक वासरू, त्यातलं निम्म्या वेळा गोऱ्हा, म्हणजे नर वासरू. त्या गोऱ्ह्याचं काय करणार हे गाय आणायच्या आधी घरात बोलून ठेवा. माज, म्हणजे गाय फळायला तयार झालेली, ओळखता आला पाहिजे, दर 21 दिवसांनी येतो आणि अर्ध्या-पाऊण दिवसात निघून जातो, हुकला की तीन आठवडे गेले.

वेळेचं विचारलंत, एका गायीला सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास धरा, धार, शेण, वैरण कापणी, धुणं सगळं मिळून. आणि तो वेळ हलत नाही. सकाळी 6 ला धार काढत असाल तर लग्न असो, ताप असो, 6 लाच. सासूबाईंना धार येते हे फार मोठं भांडवल आहे, पण त्यांना बसता येत नाही म्हणताय, मग उंच ओटा करून जनावर वर उभं करावं लागेल. शेळीला ते जमतं, गायीला अवघड.

---

पिसं_आणि_अंडी

अगं ताई, मी कोंबडीवाली, त्यामुळे मी कोंबडीच म्हणणार हे उघड आहे, पण कारणासकट सांगते. कोंबडीत चूक झाली तर नुकसान छोटं असतं आणि शिकायला लवकर मिळतं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आणि मुलं अंडी गोळा करायला स्वतःहून पळतात. दहा-बारापासून सुरू कर, वीस नको.

आणि पिल्लं आणू नकोस पहिल्या खेपेला. पिल्लांना पहिला आठवडा 33-35 डिग्री ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण 3 डिग्री कमी करत जायचं, रात्री लाइट गेली की गठ्ठा करून एकमेकांखाली गुदमरतात. मी पहिल्या वेळी थर्मामीटर बघत बसले होते, खरं तर पिल्लांकडे बघायचं असतं, दिव्याखाली गर्दी केली म्हणजे थंडी वाजतेय, भिंतीला जाऊन चोच उघडून बसली म्हणजे गरम होतंय, सगळीकडे पसरून चरत असली म्हणजे बरोबर. पण हे सगळं दुसऱ्या वर्षी. पहिल्यांदा चार-साडेचार महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या आण, लसीकरण झालेल्या, त्या महिना-दीड महिन्यात अंड्यावर येतात. कोंबडा लागतच नाही अंड्यांसाठी, पिल्लं काढायची असतील तरच.

आता खुराड्याबद्दल, इथं मात्र नीट वाच कारण मी रडलेय यापायी. षटकोनी भोकांची जी पातळ तारेची जाळी मिळते ना, ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे 14 कोंबड्या होत्या, एका रात्रीत 11 गेल्या. जाळी दातांनी फाडलेली. मुलाला सकाळी अंडी आणायला मीच पाठवलं होतं त्या दिवशी, त्यानं ते सगळं बघितलं. तेव्हापासून वेल्डेड जाळी, खालचे दोन फूट बारीक भोकांची म्हणजे मुंगूस, घूस, साप शिरणार नाही, आणि जाळी जमिनीत एक फूट पुरलेली. दाराला नुसता अडसर नको, कडी आणि त्यात हूक. रात्री दार लावणं हे एकाच माणसाचं काम ठरवून टाक, दोघांचं ठरवलं की एक दिवस दोघंही विसरतात.

आत बसायला दांडी हवी, दर चार-पाच कोंबड्यांना एक अंड्याची पेटी, ती दांडीपेक्षा खाली, नाहीतर पेटीतच झोपतात आणि सगळी अंडी घाण. जमिनीवर भुसा किंवा लाकडाचा चुरा चार-पाच इंच, आठवड्यातनं दोनदा हलवायचा. नाकाला झोंबायला लागलं की समज की ओल झालीय, वारा कमी पडतोय. माणसाच्या नाकाला झोंबतं म्हणजे त्यांना आधीच त्रास सुरू झालेला असतो.

खाणं एका कोंबडीला दिवसाला 110-120 ग्रॅम. घरचं उरलंसुरलं चालतं पण नुसत्या त्यावर अंडी मिळत नाहीत, अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं, शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवायचा, ज्या कोंबडीला पाहिजे ती खाते. आणि अंडी मध्येच बंद झाली तर घाबरू नकोस, पिसं झडतात तेव्हा थांबतात, दिवस लहान झाला की कमी होतात (14 तास तरी उजेड लागतो), खुडूक झाली म्हणजे अंडी उबवायला बसली तर थांबतात. मी पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी आजारच समजले.

---

शेतावरचं_घर

बापरे, दोघांचे खूप खूप आभार. दावणीवाला दादा, 9 टन वाचून आम्ही दोघंही गप्प झालो, नवऱ्यानं लगेच वही काढून हिशेब केला. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना गायीचं वाईट वाटलं पण म्हणाल्या की बरोबर सांगतोय तो माणूस.

आता शेळ्यांचं. ओळखीतले एक जण सगळ्या शेळ्या काढताहेत, पाच गाभण शेळ्या आणि वर एक बोकड असा सगळा लॉट एकदम घ्या म्हणताहेत आणि आठवड्यात कळवा म्हणताहेत. नवऱ्याला वाटतंय की गाभण आहेत म्हणजे पाच महिन्यांत दुप्पट होतील, ही संधी सोडायला नको. मला पोटात गोळा येतोय. कोणी शेळीवाले आहेत का इथं?

---

पाटकरडू

आहे, आहे. सोळा वर्षं शेळ्या आहेत माझ्याकडे, आता लहान-मोठी मिळून तीस आहेत, सुरुवात तीनपासून केली होती.

तो लॉट घेऊ नका वहिनी. कोणी वाईट आहे म्हणून नाही म्हणत. सगळ्या काढतोय तर का काढतोय हे आधी विचारा, वय झालंय, माणूस मिळत नाही अशी कारणं असतात, पण कळपात वारंवार गाभडणं, म्हणजे दिवस भरायच्या आधी गर्भ पडणं चाललंय असंही असू शकतं. आणि पाच शेळ्या एका महिन्यात व्यायला लागल्या तर ज्याने एकही वेत पाहिलेलं नाही त्याच्या हातात सात-आठ करडं येणार, शेळीला जुळी होणं नेहमीचंच. रात्री 2 वाजता करडू आडवं आलंय आणि नवरा सकाळी 7 ला जाणार, हे डोळ्यासमोर आणा.

बोकड तर नकोच. दोन-चार शेळ्यांमागे बोकड पाळणं म्हणजे वर्षभर खाऊ घालायचं, वेगळं ठेवायचं, माजावर आला की त्याचा वास दुधाला लागतो, आणि पुढच्या वर्षी त्याच्याच पोरी त्याच्यासमोर. शेळी माजावर आली की चांगल्या बोकडाकडे घेऊन जायचं, तेवढं पुरतं.

मी म्हणेन दोन शेळ्या घ्या, एक नको कारण एकटी शेळी दिवसरात्र ओरडते, कळपाचं जनावर आहे ते. एक दुसऱ्या वेताची, शांत, जिची धार काढून बघता येईल, आणि एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरुण मादी. घेताना तोंड उघडून खालचे पुढचे दात बघा, वरती पुढचे दात नसतातच, ते बघून दचकू नका. दोन मोठे दात म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्ष, चार म्हणजे दोनच्या आसपास, सहा म्हणजे तीन, आठ म्हणजे चारच्या पुढची, जुळलेली. कास दाबून बघा, गाठ नको, दोन्ही सडातून दूध यायला पाहिजे. आणि डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा, गुलाबी-लाल पाहिजे. पांढुरकी असली तर बहुधा पोटात रक्त पिणारे जंत आहेत. हे पापणीचं बघणं मी आजही दर पंधरा दिवसांनी करतो, सगळ्यांना सरसकट जंताचं औषध पाजायचं बंद केलं, सारखं पाजून जंतांनाच त्या औषधाची सवय होते आणि मग खरंच गरज असताना ते चालत नाही. गवत चार बोटांपेक्षा खाली चरू द्यायचं नाही, जंतांची पिल्लं खालच्याच ओल्या भागात असतात, आणि सकाळी दव वाळल्यावर सोडायचं. शेळीला तसंही मान वर करून झाडपाला खायला आवडतं, त्यामुळे वैरण खाली टाकण्यापेक्षा उंचावर बांधा, पायदळीची ती खात नाही आणि ते तिचं शहाणपणच आहे.

कोंबडीवाल्या ताईंशी एका बाबतीत माझं जमत नाही, त्या म्हणतात चूक झाली तर नुकसान छोटं. तीच सवय शेळीत घेऊन गेलात तर अवघड होतं. माझ्याकडे तिसऱ्या वर्षी मी स्वतः खाद्याच्या खोलीची कडी लावली नाही, दोन शेळ्या आत शिरल्या आणि मक्याचा भरडा पोटभर खाल्ला. संध्याकाळी दोघीही रवंथ करत नव्हत्या, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची पोटाची बाजू, टम्म, दात करकर वाजवत उभ्या. एवढं धान्य एकदम पोटात गेलं की तिथं आंबतं, आम्ल वाढतं, आणि ते रक्तात उतरतं. डॉक्टर रात्री आले, एक वाचली, दुसरी पहाटे गेली, गाभण होती. त्या खोलीला आता दोन कड्या आहेत आणि दर रात्री झोपायच्या आधी मी जाऊन हात लावून बघतो. कोणतंही खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करून बदला, पोटातले जीवाणू बदलायला तेवढा वेळ लागतो.

गोठ्याचं थोडक्यात, एका शेळीला छपराखाली 10-12 चौरस फूट आणि बाहेर मोकळं त्याच्या दुप्पट. जमीन कोरडी पाहिजे, थंडी ती सहन करते, ओल आणि वाऱ्याची झोत नाही. खुरं दीड-दोन महिन्यांनी कापायची.

आणि पुढे करडं होतील तेव्हा एकच गोष्ट घट्ट धरा, चीक. पहिल्या तासा-दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. शेळीच्या पोटात असताना आईकडून करडाला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातून मिळते, आणि करडाचं आतडं ती दिवसभरच घेऊ शकतं, नंतर कितीही पाजा, नुसतं दूध म्हणून जातं. वार (गर्भाचं आवरण) पडायची वाट बघत बसू नका, आधी करडू पुसा, नाक मोकळं करा, बेंबीला आयोडीन लावा आणि सडाला लावा.

---

पशुवैद्यक_ग्रामीण

जनावरांची डॉक्टर आहे, वर पाटकरडू यांनी छान लिहिलंय, दोन-चार गोष्टी जोडते.

नवीन जनावर कोणाकडूनही आणलं तरी किमान 21 दिवस, जमल्यास महिनाभर वेगळं ठेवा, वेगळी भांडी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा म्हणजे हातापायाला लागून रोग जुन्यांकडे जाणार नाही. लसींचं वेळापत्रक इथे कोणाचं बघून घेऊ नका, तुमच्या भागातल्या दवाखान्यात विचारा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग), आंत्रविषार, लाळ्या-खुरकूत, घटसर्प यातलं काय कधी द्यायचं हे तिथल्या रोगांवर ठरतं. कोंबड्यांना मानमोडी आणि देवीची लस झालीय का हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

थर्मामीटर घ्या आणि जनावर चांगलं असतानाच मोजायची सवय लावा. गाय 101.5 च्या आसपास, शेळी 102 ते 103, फॅरनहाइट. डाव्या भकाळीवर मूठ दाबून ठेवा, मिनिटाला एक-दोन वेळा पोट आतून ढकलल्यासारखं जाणवतं, ते जाणवलं नाही तर फोन करा. फोनवर "सुस्त आहे" एवढंच सांगितलंत तर मला फार काही कळत नाही, ताप किती, रवंथ करते का, शेण-लेंडी कशी, हे सांगितलंत तर मी येताना काय घेऊन यायचं ते ठरवू शकते.

आणि तीन गोष्टी घरच्या माणसांसाठी. दूध उकळूनच, शेळीचंसुद्धा, मुलं मागे लागली तरी धारोष्ण नाही. कोणतंही इंजेक्शन दिलं की त्या दुधाला-अंड्यांना किती दिवस हात लावायचा नाही ते डॉक्टरला विचारून भिंतीवर लिहून ठेवा. आणि जनावर गाभडलं तर ते गर्भ, वार, पाणी उघड्या हाताने उचलू नका, त्यातून येणारा ताप माणसाला महिनोन्‌महिने सोडत नाही, घरात कोणी गरोदर असेल तर तिनं तिकडे जायचंच नाही.

---

मधली_आळी

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही म्हणून लिहितेय. आमची मुलं आता 14 आणि 11 ची आहेत, जनावरं आली तेव्हा तुमच्या मुलांएवढीच होती.

पहिल्या बोकडाच्या वेळी आम्ही चूक केली. मुलं शाळेत असताना विकला आणि संध्याकाळी "मामाकडे पाठवला" असं सांगितलं. मुलीनं दोन महिन्यांनी मामालाच विचारलं. ती बोकडासाठी जेवढी रडली नाही तेवढी आम्ही खोटं बोललो म्हणून रडली, आणि त्यानंतर घरात कोणी आजारी पडलं की ती चार-चारदा विचारायची की खरं सांगताय ना. ते जायला वर्ष लागलं.

दुसऱ्या वेळेपासून आम्ही करडू जन्मलं त्याच दिवशी सांगायला लागलो, ही पाट आहे, ही राहणार, हा बोकड आहे, हा आठ-नऊ महिन्यांनी जाणार. राहणाऱ्यांची नावं ठेवायची, जाणाऱ्यांची ठेवायची नाहीत असं आम्ही ठरवलं होतं, पण मुलानं तरी ठेवलीच आणि मग आम्ही तो नियम सोडून दिला, नाव ठेवल्यानं दुःख वाढतं असं मला तरी दिसलं नाही. जायच्या दिवशी मुलं त्याला पाला खाऊ घालतात, ज्याला बघायचं नाही त्यानं घरात राहायचं, कोणावर जबरदस्ती नाही. मुलगी आता मटण खात नाही, तिनं स्वतः ठरवलं, आम्ही काही बोललो नाही. मुलगा खातो. दोघंही गोठ्यात सारखंच काम करतात.

फक्त हे सगळं नवऱ्याशी आधी बोला. मुलांसमोर आईवडलांची दोन उत्तरं आली की ती जास्त गोंधळतात. घरी कापणार, जिवंत विकणार, की दुधासाठीच ठेवून बोकड लहानपणीच देऊन टाकणार, तिन्हीत काही चुकीचं नाही, पण एक ठरलेलं असू द्या.

---

रानवाट

छोटंसंच सांगतो. बाहेरगावी जायचं असेल तर काय, याचं उत्तर जनावर आणायच्या आधी शोधा. आम्ही जवळच्या एका कुटुंबाशी ठरवलंय, त्यांची जनावरं आम्ही बघतो, आमची ते. वर्षातनं एकदा काही कारण नसताना दोन दिवस अदलाबदल करतो, नाहीतर नेमकी गरज पडते तेव्हा त्यांना खाद्याची चावी कुठे, कोणती शेळी लाथ मारते हे माहीतच नसतं. भिंतीवर एक कागद लावलाय, कोणाला काय किती, डॉक्टरचा नंबर. आई दवाखान्यात होती तेव्हा नऊ दिवस आम्ही घरी नव्हतो, एकही जनावर उपाशी राहिलं नाही.

आणि खत वाया घालवू नका. कोंबडीची विष्ठा ताजी झाडाला घातली तर मुळं जळतात, भुश्यासकट ढीग करून चार-सहा महिने कुजू द्या. लेंडीखत त्या मानाने सौम्य. तुमच्या पहिल्या वैरणीला तेच लागणार आहे.

---

शेतावरचं_घर

तीन दिवस लिहिलं नाही कारण घरात बोलणंच चालू होतं. तुम्ही सगळ्यांनी इतकं जीव ओतून लिहिलंत, मी प्रिंट काढून स्वयंपाकघरात लावलंय.

तर असं ठरलंय. लॉट घेत नाही, कळवून टाकलं. नवऱ्याच्या सुट्टीचे दोन महिने जनावरांत न घालवता कुंपण, खुराडं, पाण्याची टाकी आणि वैरण लावण्यात घालवायचे. अर्ध्या एकरात नेपिअर, कडेला लसूणघास आणि मका. खुराडं पूर्ण झाल्यावर बारा तलंगा. उन्हाळाभर बोअरचं पाणी मोजत राहायचं, आणि ते टिकलं तर पावसानंतर दोन शेळ्या. गायीचं त्यानंतरच्या वर्षी बोलू.

मुलांचंही आम्ही दोघं बोललो. पहिल्या दिवसापासून खरं सांगायचं, आणि बोकड जिवंतच विकायचे, घरी कापणं आम्हाला दोघांनाही जमणार नाही हे त्यानं माझ्याआधी म्हटलं, मला इतकं हलकं वाटलं.

गाय नाही म्हटल्यावर सासूबाई एक दिवस फार बोलल्या नाहीत. काल संध्याकाळी स्वतःच नवऱ्याला सांगितलं की शेळीसाठी ओटा कंबरेएवढा उंच कर, मी खुर्चीवर बसून हिला धार शिकवेन, गायीची पाळी येईपर्यंत हिचा हात बसला पाहिजे. मग मला रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून, बोटाला टाचणीनं भोक पाडून दिलं आणि अंगठा कुठे दाबायचा, बोटं वरून खाली एकामागून एक कशी मिटायची ते दाखवलं. मुलगीही शिकली, तिचं माझ्यापेक्षा लवकर जमलं.

आता एकच प्रश्न पिसं_आणि_अंडी ताईंना. आज जाळी पुरायला चर खोदायला घेतलाय, जमीन खडकाळ आहे, एक फूट खाली जाणंच अवघड होतंय. काही दुसरं चालेल का?

---

पिसं_आणि_अंडी

चालतं गं. खाली जात नसेल तर जाळी बाहेरच्या बाजूला वळव, जमिनीवर सपाट दीड-दोन फूट पसरव, खुंट्या ठोक आणि वर दगड-माती टाक. कुत्रं कायम भिंतीला अगदी लागून उकरतं, पायाखाली जाळी लागली की मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. कोपऱ्यांना मात्र जाळी जोडून घे, फट ठेवू नकोस, आमच्याकडे दुसऱ्या वेळी तिथूनच शिरायचा प्रयत्न झाला होता. आणि दार उजाडतं त्या बाजूला ठेव, सकाळचं ऊन आत जाऊन भुसा कोरडा राहतो.